२०२४चे अल्बम: वर्ष उलटल्यावर

गुरुवार, २६ जून २०२५

डिसेंबरात उत्तम अल्बमच्या याद्या यायला लागल्या की मी त्या अधाशासारख्या वाचते, पण त्यांच्यावर पूर्ण भरवसा कधी बसत नाही. नोव्हेंबरात आलेला अल्बम महिनाभरात कोणाला कितीसा उमगणार? त्यामुळे माझी यादी मी पुढच्या वर्षी पाऊस लागला की करते. तोवर कौतुक ओसरलेलं असतं, मुलाखती संपलेल्या असतात, नव्या अल्बमची गर्दी झालेली असते. एवढं होऊनही जे आपणहून लावावंसं वाटतं, ते माझ्यापुरतं खरं. आजपासून रात्री जेवणं आटोपली की २०२४मधला एकेक अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत ऐकायचा, मधलं काही गाळायचं नाही.

पहिला बेथ गिबन्सचा 'लाइव्ह्ज आउटग्रोन'. ती ज्या बँडची गायिका, त्या पोर्टिसहेडचा 'डमी' १९९४ला आला, मी कॉलेजात होते, आणि तेव्हापासून हा आवाज माझ्या सोबतीला आहे. पण पूर्णपणे तिच्या एकटीच्या नावाचा अल्बम यायला मे २०२४ उजाडला. तेव्हा ती ५९ वर्षांची होती. दहा गाणी, आणि ती घडायला लागलेली दहा वर्षं. या काळात तिच्या जवळची माणसं एकामागून एक गेली, आणि आपण पूर्वी जी होतो तिचाही निरोप घ्यावा लागला, असं तिने सांगितलंय. 'ओशन्स' हे गाणं तर थेट शरीराबद्दल आहे. मूल होण्याची शक्यता संपत जाते त्या वयाबद्दल, पाळी जाण्याच्या दिवसांबद्दल. आमच्या पिढीतल्या बायका हा विषय स्वयंपाकघरातसुद्धा आवाज खाली आणून बोलतात. तिने त्याला तंतुवाद्यांची साथ दिली आणि गाणं जितकं वर न्यायचं तितकं नेलं. गेल्या वर्षी मी ते ऐकून थक्क झाले होते. आज ऐकताना त्या थक्क होण्याच्या पलीकडचं काहीतरी मिळालं. मला ती ओळखीची वाटली.

आणि तालवाद्यं! टॉक टॉक या ब्रिटिश बँडचा ड्रमर ली हॅरिस इथे आहे. नेहमीचा कडकडीत स्नेअर ड्रम वाजवायचा नाही असं ठरल्यावर त्याने पाएला या स्पॅनिश भाताचं पसरट भांडं, पत्रा, पडदे भरलेलं खोकं असल्या वस्तूंमधून ताल उभा केला. हेडफोन लावून ऐकलं की हे सगळे आवाज आघात करून सरत नाहीत, थोडे रेंगाळतात. 'फ्लोटिंग ऑन अ मोमेंट'मध्ये मुलांचे आवाज येतात तेव्हा अंगावर काटा आला, आजही. शेवटच्या 'व्हिस्परिंग लव्ह'मध्ये मागे पक्षी ऐकू येतात. हा अल्बम टिकला म्हणणं कमीच होईल. तो वाढलाय.

शनिवार, २८ जून

गिबन्सच्या अल्बमचा सहनिर्माता जेम्स फोर्ड. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याने डब्लिनच्या फॉन्टेन्स डी. सी. या बँडचा 'रोमान्स' केला. म्हणून काल मुद्दाम तो लावला. 'स्टारबर्स्टर'मधला गायक ग्रिअन चॅटनचा तो धाप लागल्यासारखा श्वास, लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनवर त्याला आलेल्या पॅनिक अटॅकमधून निघालेला, गेल्या वर्षी मी सगळ्यांना ऐकवत फिरत होते. काल तो श्वास कधी येणार हे मला आधीच माहीत होतं, आणि तो आल्यावर हाती फारसं काही लागलं नाही. अल्बम वाईट नाही. बांधणी पक्की आहे, आणि शेवटचं 'फेव्हरेट' अजूनही फार गोड लागतं. पण बरीचशी गाणी पहिल्या भेटीतच आपल्याजवळचं सगळं देऊन मोकळी झालीत. निर्माता एकच, वर्ष एकच, म्हणजे हा फरक ध्वनिमुद्रणाच्या सफाईचा नव्हे. आपण आवडावं म्हणून गिबन्स कुठे घाई करते, असं मला ऐकू येत नाही. 'रोमान्स'मध्ये ती घाई ऐकू येते.

आज गायिका एड्रिअन लेंकरचा 'ब्राइट फ्यूचर'. हा माझा २०२४चा सर्वांत लाडका होता, त्यामुळे थोडी धास्तीच होती. जंगलातल्या एका स्टुडिओत, चार-पाच मित्र आणि टेप. संगणक मध्ये न आणता सगळं टेपवर घेतलेलं. त्यामुळे गाण्यांइतकीच ती खोली ऐकू येते. कोणी सरकून बसतं, लाकूड कुरकुरतं, पियानोवरची बोटं उचलली गेल्याचं कळतं. आपल्याकडे घरगुती बैठकीत गवई तानपुरे लावून होईपर्यंत थांबतो आणि ते लावणंही श्रोते मन लावून ऐकतात. तो वेळ इथे कापून टाकलेला नाही.

पहिलंच 'रिअल हाउस'. लहानपणाच्या आठवणी, आईशी बोलल्यासारख्या. घरातलं कुत्रं गेलं तेव्हा आईला पहिल्यांदा रडताना पाहिलं, एवढीच गोष्ट, ती येते तेव्हा गाणं संपत आलेलं असतं. पियानो इतका विरळ आहे की प्रत्येक ओळीनंतर तुम्हाला स्वतःची आई आठवायला जागा मिळते. मी माझ्या आईला रडताना पाहिलं तो दिवस मला लख्ख आठवतो. इथे लिहिणार नाही, पण आज गाणं थांबवून थोडा वेळ बसून राहिले.

'सॅडनेस अॅज अ गिफ्ट' तर टिकणारच होतं. खरी परीक्षा होती 'व्हॅम्पायर एम्पायर'ची. हे गाणं तिच्या बँडने, बिग थीफने, २०२३मध्ये वेगळं प्रसिद्ध केलं होतं, आणि या अल्बमवरचं रूप तेव्हा मला फार विस्कळीत वाटलं होतं. आता बँडचं रूप मला जास्त नीटनेटकं वाटतं आणि हे विस्कळीत रूपच जवळचं. आणि 'डोनट सीम'! प्रेम संपत चाललंय, जगातलं पाणीही संपत चाललंय, तोवर पोहून घेऊ असं म्हणणारं गाणं. धास्ती अनाठायी होती. लाडका तो लाडकाच.

सोमवार, ३० जून

सिंडी लीचा 'डायमंड ज्युबिली' एका बैठकीत होणारा नाही, म्हणून दोन रात्री घेतल्या. ३२ गाणी, दोन तासांहून थोडा जास्तच. सिंडी ली हे पॅट्रिक फ्लेगेल यांचं मंचावरचं रूप. कॅनडातल्या कॅल्गरीच्या विमेन या बँडचे ते गायक आणि गिटारवादक होते. तो बँड फुटला, आणि २०१२मध्ये त्यातला गिटारवादक ख्रिस्तोफर रायमर अगदी तरुणपणी गेला. मार्च २०२४मध्ये हा अल्बम आला तोच मुळी स्ट्रीमिंग सगळं टाळून. यूट्यूबवर एक लांबलचक व्हिडिओ, आणि जुन्या वळणाच्या जिओसिटीज पानावर फाइल, आवडलं तर ३० कॅनेडियन डॉलर द्या एवढीच विनंती. पुढे पिचफोर्क या संगीतविषयक वेबसाइटने दहापैकी ९.१ गुण दिले आणि सगळीकडे त्याचीच चर्चा.

तेव्हा मनात शंका होती की मला गाणी आवडतायत की ती गोष्ट. गोष्ट आता जुनी झाली. पुढे तो बँडकॅम्प या संगीतविक्रीच्या साइटवर आला, तबकड्याही निघाल्या. आणि तरीही शीर्षकगीत, 'ऑल आय वॉन्ट इज यू', 'किंगडम कम', दुसऱ्या भागातलं 'स्टोन फेसेस', 'इफ यू हिअर मी क्राइंग', ही गाणी गोष्टीवाचून उभी आहेत. साठच्या दशकातल्या अमेरिकन मुलींच्या गायनचमूंची गोडी, तिच्यावर धूळ, मधूनच गिटार अशी काही वळते की हातातलं काम थांबतं. सगळी ३२ सारखी नाहीत. काही वाद्यरचना नुसत्या पुढे नेतात. पण त्या काढून टाकल्या तर उरलेल्या गाण्यांची धुंदी राहणार नाही, असं आज पहिल्यांदा पटलं. लांबी हा इथे हट्ट नाही, ती जागा आहे.

जेसिका प्रॅटचा 'हिअर इन द पिच' याच्या नेमका उलट. नऊ गाणी, २७ मिनिटं, तीही आधीच्या अल्बमनंतर पाच वर्षांनी. आधी मुख्यतः गिटार आणि आवाज असायचा. इथे 'लाइफ इज'मध्ये ढोल येतात, तेही दुसऱ्या खोलीत वाजल्यासारखे. एक सूर जास्तीचा नाही. याच्याबद्दल मला लिहिण्यापेक्षा तो पुन्हा लावणंच जास्त सुचतंय.

रविवार, ६ जुलै, आषाढी एकादशी

सकाळपासून टीव्हीवर पंढरपूर. आईने चंद्रभागेचं वाळवंट दिसेपर्यंत फराळाला हात लावला नाही. दुपारी भाचीचा बेंगळुरूहून फोन आला. तिचं म्हणणं, "मावशी, तुझ्या यादीत एम. जे. लेंडरमन नसेल तर मी ती यादी मानणारच नाही." या अमेरिकन गायकाचा 'मॅनिंग फायरवर्क्स' तिला पाठ आहे. तिच्या आग्रहाखातर मी तो आज परत ऐकला. 'शीज लीव्हिंग यू' अजून सुरेख आहे, गिटार तर फारच. पण 'रिस्टवॉच'सारख्या गाण्यांतली ती चमकदार वाक्यं, फुशारक्या मारणाऱ्या एकट्या पुरुषांची, पहिल्यांदा जेवढी लागली तेवढी आता लागत नाहीत. भाचीला तसं सांगितलं. ती म्हणाली, "तू त्या माणसांना ओळखत नाहीस, मी रोज त्यांच्यासोबत काम करते." हे मला मान्य करावं लागलं. प्रत्येकीला आपापल्या वयाचा अल्बम लागतो.

मला त्याच लेंडरमनचा आवाज जास्त भावतो तो वॅक्साहॅची या नावाने गाणाऱ्या केटी क्रचफील्डच्या 'टायगर्स ब्लड'वर, तिच्या मागे. 'राइट बॅक टू इट'मध्ये बँजो सुरू झाला की ते दोघं एकमेकांच्या अर्धा पाऊल मागेपुढे चालतात. पहिल्या दिवशी मला हा अल्बम सरळसोट वाटला होता, अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतलं कंट्री वळण आणि बस्स. आज शेवटचं शीर्षकगीत आलं, सगळे मिळून गायला लागले, आणि तिकडे टीव्हीवर टाळकऱ्यांनी ध्रुपद उचललं होतं. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण एकटीने धरलेली ओळ अनेकांनी हाती घेतली की ती कशी हलकी होते, ते दोन्हीकडे एकाच वेळी ऐकलं. 'टायगर्स ब्लड' वर जाणार. निदान प्रॅटच्या शेजारी.

राहिला दिल्लीच्या पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी या बँडचा 'बीटा', ऑगस्ट २०२४. आपल्याकडचा म्हणून त्याला सवलत द्यायची नाही असं ठरवून ऐकला, आणि सवलतीची गरजही पडली नाही. सूर्यकांत साहनीचा तो जाडसर, जुन्या नाइटक्लबात शोभेलसा आवाज, 'सडनली'मधली हळुवार चाल, 'पीपल नेव्हर चेंज'मधला नाच. पण 'बिस्मिल्ला' २०१९ला आला तेव्हा मी तो अखंड ऐकायचे, आणि 'बीटा'मधली गाणी मी अजून सुटी सुटीच लावते. अल्बम म्हणून तो माझ्या मनात जुळलेला नाही. तेरा गाणी आहेत, त्यातली चार-पाच पक्की. बाकीच्यांना मी पुढचा पाऊस लागेपर्यंत वेळ देणार आहे, कारण गिबन्ससुद्धा मला पहिल्या वर्षी अर्धीच कळली होती.