बफरमध्ये बुडवून बघतो म्हटलं

जानेवारीतली गोष्ट आहे, गाळप ऐन भरात होतं. मी साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे आणि त्या आठवड्यात माझी बारा ते आठ होती. रात्री पावणेएकला केन कॅरिअरची चेन तुटली, मिल पाऊण तास बंद, मग परत चालू. हंगामात असं होतच असतं, त्यामुळे कुणी फार मनावर घेतलं नाही.

दोन वाजून गेले आणि कंट्रोल रूममधून फोन, बॉयलर ड्रममधल्या पाण्याचा पीएच खाली येतोय. नेहमी ९.७ च्या आसपास असतो तो ९.१ झालेला, मी स्वॅस रूमला (वाफ-पाण्याचे नमुने तपासायची खोली) पोचेपर्यंत ८.६. शिफ्ट इंजिनिअर म्हणाले, "सेन्सर गंडलाय रे परत, कॅलिब्रेट करून टाक आणि अलार्म घालव." त्यांचंही चुकलं नव्हतं, आदल्याच आठवड्यात हाच सेन्सर असाच खाली आला होता, त्याच्या आतलं केसीएल (पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण) संपत आलं होतं, मी इलेक्ट्रोड, म्हणजे पाण्यात बुडणारा सेन्सर, बदलला होता. लॉगबुकात तर त्यांनी लिहूनसुद्धा टाकलं होतं, दोन दहा, पीएच सेन्सर फॉल्टी.

मी म्हटलं साहेब, दहा मिनिटं द्या, आधी बफरमध्ये बुडवून बघतो. (बफर म्हणजे ज्याचा पीएच पक्का माहीत आहे असं द्रावण.)

हे मी का म्हटलं ते सांगतो, कारण आमच्या लाइनीत इथेच चूक होते. रीडिंग पटलं नाही की लोक लगेच मीटरचे कान पिळतात, म्हणजे हवा तो आकडा दिसेपर्यंत ॲडजस्ट करत बसतात, आणि मग मीटर तुमच्या मनातलं दाखवतो, पाण्यातलं नाही. इलेक्ट्रोड बरा आहे की नाही हे त्यालाच विचारता येतं. काचेच्या बल्बवर पाण्याच्या पीएचप्रमाणे व्होल्टेज तयार होतं, २५ डिग्रीला एका पीएचमागे साधारण ५९ मिलिव्होल्ट, त्याला आम्ही स्लोप म्हणतो, आणि इलेक्ट्रोड म्हातारा झाला की हा स्लोप कमी होत जातो.

सॅम्पलचा व्हॉल्व्ह बंद केला, इलेक्ट्रोड काढला, डीएम (क्षार काढलेल्या) पाण्याने धुतला, टिश्यूने नुसता टिपला (पुसायचा नाही, घासला तर काचेवर चार्ज बसतो आणि रीडिंग हलत राहतं). ७ च्या बफरमध्ये उणे ३ मिलिव्होल्ट. परत धुतला, ९.१८ च्या बफरमध्ये उणे १२७, आणि अर्ध्या मिनिटात स्थिर. म्हणजे स्लोप ५७ च्या आसपास, ठणठणीत. मी परत एकदा केलं, तेच आलं. परत लाइनीत लावला, ८.१.

तेव्हा पोटात गोळा आला, सेन्सर खरं बोलत होता.

फीड वॉटरचा (बॉयलरला जाणाऱ्या पाण्याचा) पीएच बघितला तर बरोबर, कंडेन्सेटची (रस तापवून वाफेचं जे पाणी होतं आणि बॉयलरला परत जातं, त्याची) कंडक्टिव्हिटी ८ ची १० मायक्रोसीमेन्स झालेली, एवढ्याने कोण उठतंय. आणि घोळ तिथेच होता. कंडक्टिव्हिटी मीटर क्षार बघतो, साखर त्याला दिसतच नाही, कारण पाण्यात विरघळली तरी तिचे आयन होत नाहीत. पीएचलाही कंडेन्सेटमध्ये ती कळत नाही, साखर स्वतः आंबट नाही ना. ती बॉयलरमध्ये जाते, तिथल्या उष्णतेने फुटते, तिची ॲसिडं होतात आणि मग ड्रमचा पीएच पडतो. म्हणजे दोन मीटर गप्प आणि तिसरा एकटा ओरडत होता, आणि आम्ही त्यालाच फॉल्टी म्हणत होतो.

बॉयलरवरचे अण्णा, तीस हंगाम काढलेला माणूस, त्यांनी ब्लोडाउनचं (बॉयलरमधून बाहेर सोडायच्या पाण्याचं) सॅम्पल काचेच्या ग्लासात धरलं, फिकट पिवळं. माझ्या नाकाशी आणून म्हणाले, "वास घे." गूळ करपल्यासारखा. "पोरा, रस शिरलाय," एवढंच म्हणाले आणि फोनकडे पळाले.

केमिस्ट मॅडम अल्फा नॅफ्थॉल (पाण्यात साखर आहे का ते दाखवणारं केमिकल) घेऊन आल्या. एक वाजताचं सॅम्पल क्लिअर होतं, दोनचं घेतलंच गेलं नव्हतं, मिल परत चालू झाली तेव्हा लॅबचा माणूस क्लॅरिफायरकडे अडकला होता. टेस्ट ट्यूबमध्ये कंडेन्सेट, त्यात नॅफ्थॉलचे थेंब, मग कडेने सावकाश सोडलेलं कॉन्संट्रेटेड सल्फ्युरिक. पॅनचं क्लिअर, ज्यूस हीटरचं क्लिअर, पहिल्या बॉडीचं (रस आटवायच्या भांड्यांपैकी पहिल्याचं) धरलं आणि दोन थरांच्या मधे जांभळी रिंग, इतकी गडद की ट्यूबलाइटकडे धरायचीही गरज नव्हती.

एरवी बॉडीत वाफेचं प्रेशर रसापेक्षा जास्त असतं, ट्यूबला भोक असलं तरी वाफ रसात जाते, कुणाला कळतही नाही. मिल थांबली, एक्झॉस्ट (टर्बाइनमधून येणाऱ्या वाफेचं प्रेशर) पडला, कॅलेंड्रियातली (बॉडीतल्या ट्यूबभोवतालची) वाफ थंड झाली आणि रस उलटा ओढला गेला. तो पाऊण तास नडला.

मग धावपळ. पहिल्या बॉडीचं कंडेन्सेट ड्रेनला, फीडला डीएम, बॉयलरचा लोड खाली, ब्लोडाउन मोठा, फॉस्फेट आणि कॉस्टिकचं डोसिंग. ड्रम लेव्हल नाचायला लागली होती, फेस धरत होता. हे पाणी वाफेबरोबर टर्बाइनकडे गेलं असतं तर काय झालं असतं हा विचार आता करतो, तेव्हा वेळ नव्हता. पीएच ७.६ पर्यंत गेला आणि तिथे थांबला. डीएम टाकीची लेव्हल बघत बघत चार तास काढले.

त्या रात्री मधेच एक आठवलं, डिप्लोमाला सरांनी सांगितलं होतं की १९३४ साली अर्नॉल्ड बेकमनने कॅलिफोर्नियात पीएच मीटर बनवला तो लिंबाच्या रसाची आंबटता मोजायला. रसापायीच जन्मलेलं यंत्र, आणि इथे उसाच्या रसानेच त्याला कामाला लावलेलं.

सकाळी सातला ९.२ दिसला. मी इलेक्ट्रोड काढून परत ७ मध्ये बुडवला, उणे ३. लॉगबुकात "सेन्सर फॉल्टी"च्या खाली दोन्ही वेळचे मिलिव्होल्ट, स्लोप आणि वेळ लिहिली. वरची ओळ खोडली नाही, शिफ्ट इंजिनिअर साहेबांनी स्वतः वाचली आणि शेजारी सही केली.

पुढच्या क्लीनिंगला पहिल्या बॉडीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने गळती शोधायची) झाली, तीन ट्यूब लीक निघाल्या, प्लग मारले. आणि त्या दिवसापासून मिल कितीही वेळ थांबो, परत चालू झाली की कंडेन्सेट आधी ड्रेनला सोडतात, शुगर ट्रेस (साखरेची तीच रिंगवाली टेस्ट) क्लिअर आल्याशिवाय बॉयलरकडे घेत नाहीत.