तांबूस चिंदी

वैनगंगेकाठच्या आमच्या तालुक्यात धानाची रोवणी सुरू झाली, की शस्त्रागाराच्या भिंतींनाही ओल येते. अशाच एका पावसाळ्यात, लष्कराकडून पोलिसांकडे आलेली एक जुनी ‘थ्री नॉट थ्री’ रायफल माझ्या टेबलावर आली. तिच्यावर इशापूरच्या रायफल कारखान्याचा 1952 चा शिक्का होता आणि लाकूड जिवापाड जपलेले होते. तक्रार एवढीच, की सलामीच्या फैरी झाडल्यानंतर आठ दिवस रोज तेल देऊनही नळी पुसून निघणारी सफाईची चिंदी तांबूसच येत होती.

“भाऊ, तेलात मी कसूर केली नाही,” रायफल घेऊन आलेले हवालदार म्हणाले, आणि ते खरेच होते. मात्र हा दोष तेलाने जाणारा नव्हता. जुन्या लष्करी काडतुसाच्या टोपीतील (दारू पेटवणाऱ्या बुडाकडच्या भागातील) पोटॅशियम क्लोरेट जळाले, की नळीत पोटॅशियम क्लोराइड उरते. हा क्षार मिठासारखा हवेतील ओल ओढून घेतो, पाण्यात विरघळतो, परंतु तेलात विरघळत नाही, त्यामुळे वरून तेल चकाकत असताना खाली गंज आपले काम करीत राहतो.

मी बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा सरकता भाग, काढला आणि चहाच्या किटलीत उकळलेले दोनेक लिटर पाणी वाकड्या तोटीच्या नरसाळ्यातून मागच्या बाजूने नळीत सोडले. (ब्रिटिश फौजेत या कामासाठी खास नरसाळे असे, माझे गावातल्या टिनकाम करणाऱ्याने डाग देऊन केलेले.) रायफलीत पाणी ओतलेले हवालदारांना पाहवत नव्हते. पण तापलेली नळी लवकर वाळते. कोरड्या चिंद्या फिरवून झाल्यावर अमोनियाचे द्रावण लावले, तेव्हा चिंदी निळसर आली, म्हणजे गोळ्यांचे तांबेही आत साचलेले होते. अर्थात पितळी ब्रशही असाच निळा रंग सोडतो, म्हणून तो वापरून झाल्यावर रंगावर विश्वास ठेवायचा नसतो.

मागे पांढरा कागद धरून पाहिले, तर गोळीला फिरकी देणारे, डावीकडे वळणारे नळीतले पाचही आटे दिसले. मधल्या भागात मात्र बारीक खड्डे होते. खरा धक्का नळीच्या तोंडाशी बसला. तिथली कड एका बाजूने झिजून लंबगोल झाली होती. वर्षानुवर्षे धुळीने माखलेली पुलथ्रूची, म्हणजे नळीतून चिंदी ओढायची, दोरी तिरकी ओढल्याने पोलादात चर पडला होता. गोळीने नव्हे, रोजच्या सफाईनेच ती झिजली होती.

दुसऱ्या दिवशी चिंदी पांढरी आली. हवालदारांनी ती घडी करून खिशात ठेवली, आणि मी नोंदवहीत त्या रायफलीपुढे ‘फक्त सलामीसाठी’ असे लिहिले.