एपिनार : पान, रंग आणि बी

फ्रेंच शिकताना भाजीबाजारातल्या शब्दांपाशी मी फार रेंगाळलो, आणि त्यांतही पालकाच्या 'एपिनार' या शब्दापाशी. फारसीतला 'अस्पनाख' अरबीमार्गे स्पेनमध्ये आणि तिथून पुढे फ्रान्समध्ये पोहोचला. जुन्या फ्रेंचमधला त्याचा 'स' पुढे गळून गेला, आणि शेवटचा 'द' आजही लिहितात, पण उच्चारत नाहीत. रोपाविषयी बोलायचे तर शब्द एकवचनी, ताटातल्या भाजीविषयी बोलायचे तर मात्र अनेकवचनी : 'लेझेपिनार'.

माझा सर्वांत आवडता वाक्प्रचार 'पालकात लोणी घालणे' हा आहे, आणि तो नीट कळायला पालक एकदा स्वतः शिजवावा लागतो. धुतलेल्या पानांनी पातेले शिगोशीग भरावे, झाकण ठेवावे, आणि पाचच मिनिटांत तळाशी मूठभर काळपट हिरवा लगदा उरावा. ऑक्झॅलिक आम्लामुळे तो जिभेला तुरट आणि दातांना खरखरीत लागतो. त्यात लोण्याचा गोळा सोडला की भाजीला तकाकी येते आणि तुरटपणा मवाळ होतो. म्हणून ओढगस्तीच्या घरात संध्याकाळच्या शिकवणीचे थोडे पैसे येऊ लागले, तर फ्रेंच माणूस 'तेवढेच पालकात लोणी' असे म्हणतो. आपण गाठीला लागलेले चार पैसे मोजतो. हा वाक्प्रचार थेट ताटाकडे बघतो, आणि मला तो म्हणूनच अधिक जवळचा वाटतो.

चित्रकलेच्या बोलीत हाच पालक निंदेचा शब्द होतो. निसर्गचित्रात हिरवा रंग कच्चा आणि भडक उतरला, झाडे, कुरण, टेकडी सारे एकाच छटेत बुडाले, की त्या चित्राला 'पालकाचे ताट' म्हणत. सैन्याची नजर मात्र पानावर नव्हे, बियांवर गेली. वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या खांद्यावरच्या सोनेरी किंवा रुपेरी झुपक्यांचे जाड पीळ पालकाच्या बियांच्या घोसासारखे दिसत, म्हणून त्या स्कंधभूषणांना 'पालकाच्या बिया' हे नाव पडले.

पालकाच्या कुळाबाहेरच्या भाज्यांनाही फ्रेंचांनी हे नाव उदारपणे दिले आहे. 'न्यूझीलंडचा एपिनार' ही त्यांतली एक. आणि 'मलबारचा एपिनार' म्हणजे तर आपली मायाळू, कुंपणावर चढणारी, जांभळ्या फळांची, जिच्या जाड, बुळबुळीत पानांची आपल्याकडे भजी तळतात.