सत्तावन्न सप्तकं खाली

अवकाशात आवाजच नसतो, मग अवकाशावर अल्बम काढणारी ही मेटलवाली मंडळी एवढी कशावर केकाटतायत, असं मेटल, म्हणजे जड गिटारचं दणदणीत रॉक, न ऐकणारे हमखास विचारतात. बरोबर आहे, पण पूर्ण नाही. ययाती तारकासमूहाच्या दिशेला साधारण २५ कोटी प्रकाशवर्षांवर दीर्घिकांचा एक मोठा समूह आहे, त्याच्या मधल्या कृष्णविवरामुळे आजूबाजूच्या तापलेल्या गॅसमध्ये लाटा उठतात, नासाच्या चंद्रा या अवकाशातल्या क्ष-किरण दुर्बिणीला त्या दिसल्या आणि २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी सूरच सांगून टाकला, बी फ्लॅट, पण पियानोच्या मधल्या सी पासून ५७ सप्तकं खाली! एक लाट पुरी व्हायला जवळपास ९६ लाख वर्षं. आता गिटारवाल्याने किती खाली जायचं हो?

तरी बिचारे जातात. ब्लॅक सबाथ या मेटल बँडचा गिटारवाला टोनी आयोमी, त्याची दोन बोटांची टोकं कारखान्यात तुटली होती, तारा ढिल्या केल्या की दाबायला सोप्या, म्हणून १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’मध्ये बऱ्याच गाण्यांना त्याने गिटार तीन सेमीटोन (अर्धे स्वर) उतरवली, आणि गंमत म्हणजे त्याच अल्बमच्या शेवटच्या गाण्यात माणसं रॉकेटने पृथ्वी सोडून निघालीयेत.

माझं सरळ मत आहे, स्पेस अल्बम खालच्या सुरांवर उभा राहतो. कव्हरवर जांभळा नेब्युला, कीबोर्डची चमचम, मध्ये अंतराळवीरांच्या रेडिओचा तुकडा, हे सगळं डेकोरेशन. गोजिरा या फ्रेंच बँडच्या ‘फ्रॉम मार्स टू सिरियस’ अल्बममध्ये (२००५) मंगळ ते व्याध, म्हणजे ८.६ प्रकाशवर्षं, आणि वाटेत चक्क उडणारे देवमासे, खगोलशास्त्र म्हणून शून्य मार्क, पण तो रिफ (गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा) सुरू झाला की कोण विचारतंय!

स्वित्झर्लंडचा डार्कस्पेस हा बँड मात्र खरा कट्टर. पहिला अल्बम त्याच २००३ चा. गाण्यांना नावंच नाहीत, डार्क १.१, डार्क १.२ असे नुसते नंबर, दीर्घिकांना देतात तसे, वरच्या त्या कृष्णविवराच्या दीर्घिकेला पण एनजीसी १२७५ च म्हणतात ना. एकेक गाणं लांबलचक, ड्रम इतके फास्ट की ठोके वेगळे ऐकूच येत नाहीत, आकाशगंगेतले तारे नुसत्या डोळ्यांना सुटे दिसत नाहीत तसं, सगळा एक पट्टा.

फक्त मोबाईलच्या स्पीकरवर ऐकून मत बनवू नका, खालचं सगळं गायब होतं आणि उरते ती खरखर, मग तुम्ही म्हणणार बघा, नुसता गोंगाट.