एका पगारात मावणारं घर

बँकेने आम्हाला 31 लाख देऊ केले आणि आम्ही साडेएकोणीस लाख घेतोय. हे ज्याला सांगितलं त्याने एकच विचारलं, मिळतायत तर कमी का घेता? मी सातव्या महिन्यात आहे, हे त्याचं अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं इथे लिहिते, कारण चिपळुणात आमच्यासारखी जोडपी खूप आहेत. नवरा लोट्याच्या एमआयडीसीत, बायको गावातल्या एखाद्या दवाखान्यात, दुकानात नाहीतर क्लासमध्ये, आणि घराचा विषय निघतो तो नेमका बाळाची चाहूल लागल्यावर.

आधी बँकेचा हिशोब. नवऱ्याच्या हातात 42,000 येतात. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, मला 18,000. बेरीज 60,000. आम्ही गेलो त्या बँकेत सगळे हप्ते मिळून उत्पन्नाच्या निम्म्यापर्यंत चालतात, म्हणजे 30,000. त्यातून बाइकचा 3,000 चा हप्ता गेला, राहिले 27,000. साडेआठ टक्के व्याज आणि 20 वर्षांची मुदत धरली तर लाखाला साधारण 868 रुपये हप्ता बसतो. त्याने भागलं की 31 लाख. साहेबांनी समोर बसून करून दाखवलं आणि हिशोबात काही खोट नव्हती. फक्त तो आजच्या पगाराच्या स्लिपांवर होता. फॉर्ममध्ये आमच्यावर अवलंबून असलेल्या माणसांचा रकाना होता, त्यात आज घरात आहेत तेवढीच माणसं लिहायची. बँकेला मी नावं ठेवत नाही. तिने तिच्या वसुलीचं पाहायचं. महिनाअखेर आमच्या डब्यांत काय उरणार, हे आमचं आम्हीच पाहायला हवं.

आता माझ्या पगाराबद्दल. बाळंतपणाची 26 आठवडे भरपगारी रजा असते, असं सगळे सांगतात. 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांसाठी ती 12 वरून 26 आठवड्यांवर गेली, हे खरं. पण दुकानं आणि आमच्या लॅबसारख्या जागांना हा नियम लागतो तो दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर. आमच्या लॅबमध्ये आम्ही पाच जणी. मी मॅडमना सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, “तुझी जागा राखून ठेवते, पण रजेचा पगार मला झेपणार नाही.” त्यांनी स्पष्ट सांगितलं याचं मला बरं वाटलं. ज्या बायकांनी हे अजून विचारलेलं नाही त्यांनी कर्जाच्या कागदावर सही करायच्या आधी विचारा. आपल्याकडे किती माणसं कामाला आहेत, रजा भरपगारी की बिनपगारी, परत कधी घेणार. मोठ्या जागी असाल तर हे लेखी घ्या.

म्हणजे निदान वर्षभर घरात 42,000 च येणार. बँक देते तेवढं कर्ज घेतलं असतं तर हप्ता 26,900, बाइकचे 3,000, हातात उरले 12,100. त्यात किराणा, गॅस, वीज, सोसायटीचा मेंटेनन्स, गावी सासऱ्यांची औषधं आणि बाळ. साडेएकोणीस लाखांचा हप्ता 16,900 च्या आसपास बसतो आणि हातात 22,000 उरतात. हे दोन आकडे मी वहीत शेजारी शेजारी लिहिले आणि नवऱ्यापुढे ठेवले. त्यानंतर आमच्यात वाद राहिला नाही. एकट्या नवऱ्याच्या पगारावर त्याच बँकेच्या नियमाने पावणेएकवीस लाखांपर्यंत बसतं. आम्ही त्याच्याही आत राहिलो.

बाळाचा खर्च मी फुगवून धरलेला नाही. पहिलं बाळंतपण माहेरी देवरुखला, त्यामुळे शेक-शेगडी, मालिशवाल्या बाई, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू ही आईची जबाबदारी, तिने कधीच ठरवून टाकली आहे. लसी सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि आम्ही तिथेच देणार. पहिल्या बाळाला मातृवंदना योजनेचे 5,000 रुपये आहेत, त्याचा फॉर्म आशाताईंकडून भरून घेतला. सिझेरियन झालंच तर म्हणून मात्र वेगळे पैसे ठेवलेत. आरोग्य विमा आता घेऊन उपयोग नव्हता, बाळंतपणाचा खर्च मिळायला आधी थांबण्याचा काळ असतो. खरा प्रश्न मी कामावर परत जाईन तेव्हाचा आहे. बाळाला कोण सांभाळणार? सासूबाई येऊन राहते म्हणतात, पण मोहरापासून आंबा उतरेपर्यंत त्या गाव सोडू शकत नाहीत. तेवढे महिने पाळणाघर किंवा बाई, म्हणजे माझ्या पगारातला मोठा वाटा तिथे.

आंब्याचा विषय आलाच. गुहागर तालुक्यात आमची हापूसची थोडी कलमं आहेत. बँकेने ते उत्पन्न धरलं नाही आणि आम्हीही धरलं नाही. अवकाळी पाऊस मोहरावर पडला की त्या वर्षीचा करार कुठल्या भावाने होईल, कुणीच सांगू शकत नाही. हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला जायचाच. सासूबाई म्हणतात, “गावात एवढं घर आहे गो, कर्ज कशाला?” त्यांचं म्हणणं मला कळतं. पण तिथून लोटे म्हणजे आधी चिपळूण गाठायचं, मग परशुराम घाट, आणि पावसात दरड आली की घाट बंद. रात्रपाळीच्या माणसाला ते जमणारं नाही.

कमी कर्ज म्हणजे दोन बेडरूमचा विचार सोडून एका बेडरूमवर येणं, हे मला जड गेलं. पण एका गोष्टीत मी पैसे वाचवले नाहीत. बाजारपेठेजवळ तळमजल्यावरचे फ्लॅट स्वस्तात दाखवत होते. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदीच्या पुराचं पाणी ज्यांनी पाहिलंय त्यांना यापुढे काही सांगायला नको. आम्ही पूररेषेचा नकाशा पाहून, दुसऱ्या मजल्यावरचा 26 लाखांचा तयार फ्लॅट धरला. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहायला परवानगी असल्याचा दाखला, आलेलं आहे. चालू बांधकामात भाडं आणि बँकेचं व्याज दोन्ही एकदम सुरू राहतात, आणि ताबा नेमका बाळंतपणाच्या वेळी लांबला तर माणूस कुणीकडे धावणार? फ्लॅट एकट्या माझ्या नावावर होतोय. महाराष्ट्रात घर फक्त बाईच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे, आमचे त्यात 26,000 वाचतात. कर्जावर दोघांची नावं आहेत.

एक काम आम्ही दिवस राहिल्यापासूनच सुरू केलं होतं. माझ्या पगाराला हात लावायचा नाही, आणि भाड्याचे 7,000 दिल्यावर नवऱ्याच्या पगारातून आणखी 10,000 बँकेत दरमहाच्या रिकरिंग ठेवीत टाकायचे, म्हणजे हप्ता चालू असल्यासारखं राहायचं. दिवाळीचा महिना कठीण गेला, बाकीचे निभावले. यातून कळलं की 17,000 आम्हाला पेलतात. माझ्या साठलेल्या पगारातून सहा हप्त्यांचे पैसे एफडीत ठेवलेत. ते फर्निचरला काढायचे नाहीत, असं दोघांचं ठरलंय.

एजंटने 30 वर्षांची मुदत सुचवली होती. 31 लाखांवर महिन्याला 3,000 कमी होतात म्हणाला, आणि होतातही. पण एकूण व्याज जवळपास 21 लाखांनी वाढतं, ते त्याने सांगितलं नाही. आम्ही 20 च ठेवली. दर वाढण्याचीही तयारी हवी, कारण बदलत्या दराची नवी कर्जं आता बहुतेक रेपोला, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते त्याला, बांधलेली असतात आणि मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो 4 वरून साडेसहा टक्क्यांवर गेला होता. दर साडेदहा झाला तर आमचा हप्ता साडेएकोणीस हजारांना टेकतो. ओढाताण होईल, पण जमेल. 31 लाखांवर तोच हप्ता जवळपास 31,000 झाला असता, एका पगारावर अशक्य.

बदलत्या दराच्या गृहकर्जात मुदतीआधी पैसे भरले तर बँक दंड घेऊ शकत नाही. त्यामुळे मी कामावर परतल्यावर, पाळणाघराचे पैसे देऊन जे उरेल त्यातले 5,000 दर महिन्याला जास्तीचे भरायचे असं ठरलंय. दोन वर्षांनी सुरुवात केली तरी 20 वर्षांचं कर्ज साधारण 13 वर्षांत फिटतं. तेव्हा बाळ सातवीत असेल.