तेवढं एक मत ऱ्हायलं

१७ जानेवारी हा आमच्या कोल्हापूरच्या मंडळात एन. डी. पाटील सरांचा दिवस. सर २०२२ साली गेले, पुढच्या वर्षापासून तालमीसमोर मांडव पडायला लागला. प्रतिमेला हार, प्रास्ताविक, पाहुण्यांना शाल-नारळ हे दहा मिनिटांत उरकतं. उरकावंच लागतं, थंडी असते.

गर्दीचं मात्र बोलणार. गणपतीच्या मिरवणुकीत मंडळाची पोरं मोजता येत नाहीत. जानेवारीत साठ खुर्च्या मांडल्या तर वीस मोकळ्या. त्यात शाहू स्टेडियमवर पेठेची फुटबॉल मॅच असली की बघायलाच नको. खजिनदारसुद्धा ‘आलोच’ म्हणून जातो आणि आभार चालू असताना उगवतो.

शाळेतली एक पोरगी भाषण करते. वाळवा तालुक्यातलं ढवळी गाव, शेतकरी कामगार पक्ष, १९६० साली विधान परिषद, १९७० ते ८२ पुन्हा परिषद, १९७८ ते ८० सहकारमंत्री, १९८५ ला कोल्हापुरातनं विधानसभा. मंत्रिपदापाशी ती हमखास अडखळते. मग पहिल्या रांगेतले आमचे मास्तर हळूच साल पुरवतात. त्यांची सगळी नोकरी ‘रयत’ शिक्षण संस्थेत झाली. सर संस्थेचे अध्यक्ष होते, हे ते चहा पितानाही सांगतात.

पण मी वाट बघतो ती आप्पांची. आप्पा टेम्पोवाले, आयुष्यभर गुळाच्या भेल्या वाहिल्या. त्यांचं नाव पत्रिकेत नसतं. आभाराच्या आधी ते उठतात, टोपी काढतात, माईक नको म्हणतात. मग शहरातल्या टोलविरुद्धच्या आंदोलनाचे दिवस सांगतात. शिरोली नाका, ऊन, ऐंशी ओलांडलेले सर मोर्चात पुढं आणि मागनं आप्पांचा टेम्पो. डिसेंबर २०१५ मध्ये टोल रद्द झाल्याचं कळलं तेव्हा त्यांनी टेम्पोला हार घातला होता. तो किस्सा दरवर्षी थोडा वाढतो, वाढू दे. मग आवाज खाली येतो. ‘पंच्याऐंशीला म्या सरांस्नी मत दिलं न्हवतं. दुसऱ्याचा झेंडा लावून फिरत हुतो.’ प्रतिमेकडं बघून हात जोडतात, ‘सर, तेवढं एक मत ऱ्हायलं बघा.’ पहिल्या वर्षी दोघं-चौघं हसले होते. आता कुणी हसत नाही. मी तर त्या वेळी मुद्दाम वायर गुंडाळायला घेतो.

मदत करणाऱ्यांची नावं घ्यायची नाहीत, असं ठरलंय. गेल्या साली दोन नावं राहिली, त्यातले एक अजून बोलत नाहीत. तरी सांगतो : निम्म्या भाड्यात मांडव देणारे काका, स्पीकरवाला, जिन्याखाली खुर्च्या ठेवू देणाऱ्या वहिनी, रांगोळीवाल्या दोघी बहिणी, प्रतिमेची काच फुकट बदलून देणारा फ्रेमवाला, दूध घालणारे मामा. आणि लाईट जोडून देणारा वायरमन, जो शेजारच्या मंडळाचा आहे. गणपतीत आमच्याकडं बघतसुद्धा नाही, पण या दिवशी न बोलावता शिडी घेऊन येतो.

यंदा आप्पांचा गुडघा धरला होता. दोघांनी खुर्चीसकट उचलून आणलं. बोलले तेवढंच, बसून.

पातेली घासणाऱ्या मावशी राहिल्याच की! मावशी, रागावू नका.