साडेसातची मोटार

परभणीत आमचे शेतीपंपांच्या मोटारींचे वाइंडिंग आणि दुरुस्तीचे दुकान आहे. ज्या कृषी फीडरवर थ्री-फेज वीज अजूनही ८ तासांच्या पाळीने आणि काही दिवस रात्रीच मिळते, तिथला शेतकरी हरभऱ्याला पाणी रात्रीच देतो. त्याची मोटार रात्री दीडला जळाली, तर त्याचा फोनही दीडलाच येतो. गेल्या रब्बीत असे कितीतरी फोन मी झोपेत असताना वाजून बंद पडले आणि त्या मोटारी सकाळी दुसऱ्या दुकानात उतरल्या. म्हणून फोन उचलणारा एआय रिसेप्शनिस्ट घ्यायचे ठरवले आणि जवळजवळ दोन महिने निरनिराळे प्लॅटफॉर्म चाचपून पाहिले.

पहिली चूक ही झाली, की मी ते सगळे संगणकावर हेडफोन लावून ऐकले. तिथे प्रत्येकाचा आवाज गोडच होता. साध्या फोनवरचा आवाज मात्र बहुधा सेकंदाला ८,००० नमुन्यांच्या अरुंद वाटेने जातो, त्यात ‘स’ आणि ‘फ’सारख्या वर्णांतला फरक पुसट होतो, आणि शेतातला वारा वेगळाच. हे यंत्र आधी बोलणे अक्षरांत उतरवते, मग भाषेचे मॉडेल उत्तर ठरवते आणि शेवटी ते उत्तर आवाजात येते; पहिल्याच पायरीवर शब्द चुकला, तर पुढच्या दोन पायऱ्या त्या चुकीवर अत्यंत सभ्यपणे इमला चढवतात.

माझे चुलते झरीला शेती करतात. त्यांना विहिरीवरून फोन करायला सांगितले. काका म्हणाले, “हालो, साडेसातची मोटार हाय, पाणी सोडलंय तिनं, मिस्त्री धाडा.” ज्याचा आवाज मला सर्वांत आवडला होता, त्या प्लॅटफॉर्मने प्रसन्नपणे सांगितले, की मोटारीने पाणी सोडले हे ऐकून आनंद झाला आणि मिस्त्रींसाठी साडेसातची वेळ नोंदवली आहे. त्यावर काका जे बोलले, ते इथे लिहिण्यासारखे नाही. आमच्या धंद्यात साडेसात म्हणजे साडेसात अश्वशक्ती, आणि पंपाने पाणी सोडले म्हणजे तो पाणी उचलेनासा झाला. “मोटार घुमायली पण फिरंना गेली”, म्हणजे नुसता आवाज करते पण फिरत नाही, हे वाक्य तर एकालाही पहिल्या झटक्यात कळले नाही. त्या दिवसापासून आवाजाच्या गोडव्याचे गुण मी कापून टाकले आणि आपल्या शब्दांची यादी प्लॅटफॉर्मला शिकवता येते का, हा प्रश्न पहिला केला.

आकड्यांनी त्याहून अधिक छळले. आपल्याकडे मोबाईल क्रमांक जोडीजोडीने सांगतात. एका प्लॅटफॉर्मने एकोणसत्तरचे एकोणऐंशी केले, तर दुसऱ्याने बोलणे मराठीत ऐकून क्रमांक हिंदीत वाचून दाखवला. दुकानाच्या फोनवरून कॉल यंत्राकडे वळवल्यावरही कॉलरचा मूळ क्रमांक पुढे पोहोचत असेल, तर तो विचारण्याची गरजच उरत नाही, “याच नंबरवर फोन करू ना?” एवढे पुरते. ‘परवा’ या शब्दाची गोष्ट निराळी. मोटार परवा जळाली आणि मिस्त्री परवा पाठवा, ही दोन्ही वाक्ये एकाच कॉलमध्ये येतात, म्हणून यंत्राने वार विचारून घेतला पाहिजे.

माणसे बोलताना एकाचे संपल्यावर दुसरा साधारण सेकंदाच्या पाचव्या हिश्शात सुरू होतो. यंत्राला याहून अधिक वेळ लागला, की आपला माणूस “हालो, हालो” करतो. ते ऐकून यंत्र बोलणे अर्धवट थांबवते, पुन्हा पहिल्यापासून सुरू करते आणि पलीकडून पुन्हा “हालो” येते. एका चाचणीत हा खेळ चार वेळा चालला. कॉलर मध्ये बोलला तर थांबण्याची सोय हवीच, पण नुसत्या ‘हालो’ला किंवा ‘हां’ला न थांबण्याची अक्कलही हवी.

खर्चाचे थोडक्यात सांगतो. दर्शनी मिनिटाच्या दरात टेलिफोनची लाइन, आवाज आणि मॉडेल धरलेले आहेत का, ते लेखी घ्यावे, वरचा १८ टक्के जीएसटी विसरू नये, आणि १ मिनिट १० सेकंदांचे बिल २ मिनिटांचे होते का, तेही विचारावे. दुकानाचा क्रमांक पाटीवर आणि पावत्यांवर छापलेला असल्याने मला तो बदलायचा नव्हता. *४०१# हा कोड वापरून कॉल वळवण्याची सोय दूरसंचार विभागाच्या आदेशाने १५ एप्रिल २०२४ पासून थांबली असल्यामुळे, न उचललेला कॉल कसा वळवायचा, हे सिम कंपनीकडून आधी पक्के केले.

शेवटी घेतलेल्या प्लॅटफॉर्मचा आवाज जरा कोरडा आहे. मात्र तो सुरुवातीलाच आपण यंत्र असल्याचे आणि बोलणे नोंदवले जात असल्याचे सांगतो, गाव, तालुका, अश्वशक्ती आणि बिघाड एकदा वाचून दाखवतो, आणि दोनदा समजले नाही की तिसऱ्यांदा न विचारता थेट माझा फोन वाजवतो. परवाच, म्हणजे मंगळवारी, रात्री त्याने असाच एक कॉल जोडून दिला. पलीकडे काकाच होते. मोटार व्यवस्थित चालू होती. यंत्र खरोखर मला उठवते का, एवढेच त्यांना पाहायचे होते.